आवेलिनो, म्हणजे तेच ते

लातूर म्हणजे विदर्भात ना?

हा प्रश्न मला अमेरिकेत पहिल्यांदा विचारला तो कुठल्या गोऱ्या माणसाने नाही. ते बिचारे विचारतच नाहीत. इंडिया म्हणजे ताजमहाल आणि बटर चिकन, विषय संपला. विचारला आमच्या घरमालक काकांनी. काका पुण्याचे, आयटीत डायरेक्टर. पिस्कॅटवेमध्ये त्यांचं स्वतःचं घर, आणि त्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने मी.

मी म्हटलं, "नाही काका, मराठवाडा."

"तेच ते," काका म्हणाले, आणि थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही हे मला समजावून सांगायला लागले.

मी नकल्या माणूस. औशाच्या शाळेत हेडमास्तरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांचे आवाज काढले आणि सगळ्यांचा मार खाल्ला. काकांचं "तेच ते" पहिल्याच आठवड्यात उचललं. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, आणि उजवा हात असा हवेत फिरवायचा की माशी नाही, अख्खा जिल्हा बाजूला सारतोय. बेसमेंटमधल्या आरशासमोर करून बघितलं, जमलं. तेव्हा मला त्याचं लय हसू यायचं. आता नुसतं आठवलं तरी कानशिलं तापतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी बॅकयार्डातून खणण्याचा आवाज आला. बेसमेंटची खिडकी जमिनीलगत, त्यामुळे मला दिसले फक्त बूट आणि एक फावडं. जॅकेट चढवून बाहेर गेलो. ऐंशीच्या पुढचा एक गोरा म्हातारा, डोक्यावर लोकरीची टोपी, एका झाडाच्या फांद्या दोरीने आवळून बांधत होता. पानं सगळी गळलेली. झाडाच्या एका अंगाला लांबलचक चर खणलेला.

"मदत करणार की बघणार?" त्याने न बघताच इंग्लिशमध्ये विचारलं.

"काय करताय?"

"झोपवतोय."

मला वाटलं, गेली केस. पण तो पूर्ण शुद्धीत होता. हे घर आधी त्याचं. बायको गेली, जिने चढवेनात, म्हणून त्याने ते काकांना विकलं आणि जवळच म्हाताऱ्यांसाठीच्या एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला. तिथे माती नाही. विकताना एकच गोष्ट मागितली. मागच्या कोपऱ्यातलं अंजिराचं झाड तोडायचं नाही, आणि दर नोव्हेंबरात त्याला पुरायला, दर एप्रिलमध्ये उठवायला आपल्याला येऊ द्यायचं. काका हो म्हणाले होते, हात मिळवून.

अंजीर हे गरम मुलखातलं झाड, जर्सीची थंडी त्याला सोसत नाही, उघडं राहिलं की वरून खालपर्यंत जळतं. म्हणून ही इटलीची माणसं काय करतात, तर एका बाजूची मुळं फावड्याने तोडतात, दुसऱ्या बाजूची तशीच ठेवतात, आणि झाड हळूहळू आडवं करून चरात निजवतात. वर फळ्या, जुनं कार्पेट, पाचोळा, प्लॅस्टिक आणि माती. हिवाळाभर झाड जमिनीखाली. एप्रिलमध्ये उकरून उभं करायचं. मी शेतकऱ्यांच्या गावचा, पण झाडाला असं पांघरूण घालून निजवताना आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

मी त्याला "मामा" म्हणायला लागलो. आमच्याकडे अनोळखी म्हाताऱ्याला मामाच म्हणतात. त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई, त्याला वाटलं मी त्याला आई म्हणतोय. अर्थ सांगितल्यावर म्हणाला, "आईचा भाऊ? चालेल. काम कर."

माती ओढून झाल्यावर त्याने फावड्याच्या पाठीने तो ढीग थोपटला, मध्ये उंच केला, दोन्हीकडे उतार दिला, आणि फावडं टेकवून म्हणाला, "हा माझा प्रांत. आवेलिनो."

माझं इटलीचं ज्ञान म्हणजे पिझ्झा आणि बोटीतून गाणारा माणूस. मामाने मातीतच दाखवायला सुरुवात केली. इथे खाली नेपल्स, समुद्र, टुरिस्ट, आवाज. त्याच्या मागे आत आलं की डोंगर सुरू, तो आवेलिनो. समुद्राचा थेंब नाही. चेस्टनटची झाडं, हेझलनट, द्राक्षं, आणि थंडी. ढिगाच्या एका उतारावरून त्याने बोटाने रेघ ओढली. ही ओफांतो नदी, इकडे पूर्वेच्या समुद्राला जाते. दुसऱ्या उतारावर दुसरी रेघ. ही सेले, हिचं तोंड पश्चिमेला. एकाच डोंगराचं पाणी, दोन समुद्र.

"आमच्याकडेही सह्याद्री असाच आहे," मी म्हटलं. "पण माझं गाव त्याच्या सावलीत. ढग पश्चिमेलाच रिकामे होतात."

"आणि तुमचं पाणी?"

"एका वर्षी तर रेल्वेने आलं. टँकरची आख्खी गाडी. मी तेव्हा कॉलेजात. सगळं शहर स्टेशनवर बघायला."

मामा खो खो हसला. म्हणाला, त्यांच्याकडे उलटं. सेलेच्या झऱ्यांचं पाणी कालवा काढून डोंगरापलीकडच्या दुसऱ्या प्रांताला नेलं, फार जुनी गोष्ट, अजून जातं. झरा आमचा, नळ त्यांचा.

त्या दिवशी त्याने मला इतिहासही ऐकवला, आणि तो आमच्या शाळेतल्या सरांपेक्षा भारी. त्याच्या प्रांतात पहिली माणसं आली ती म्हणे एका लांडग्याच्या मागे चालत. लांडगा जिथे थांबला तिथे वस्ती केली. त्यांच्या जुन्या भाषेतला लांडग्याचा शब्द हेच जमातीचं नाव. मग रोमन आले, त्यांच्याशी पिढ्यानपिढ्या मारामाऱ्या, शेवटी रोमन जिंकले. मग उत्तरेकडचे, मग नॉर्मन, मग स्पॅनिश, मग नेपल्सचा राजा. मग इटली एक झाली, तेव्हा उत्तरेतून शिपाई आले आणि न ऐकणारी गावं जाळून गेले. "प्रत्येकाने टॅक्स घेतला," मामा म्हणाला. "रस्ता कुणीच बांधला नाही. मग आम्हीच निघालो. अर्धा प्रांत इकडे, जर्सीत." उत्तरेचे इटालियन त्यांना अजून मातीवाले म्हणतात, शिवी म्हणून.

"आम्हाला पुण्यात 'मराठवाड्याचा आहे' म्हणतात," मी म्हटलं. "त्यात शिवी वेगळी द्यावी लागत नाही."

तेवढ्यात काका कॉफीचा मग घेऊन बाहेर आले आणि मामाला इटली समजावून सांगायला लागले. मी शपथेवर सांगतो, इटालियन माणसाला इटली! "मागच्या उन्हाळ्यात आम्ही इटली केली. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस. काय देश आहे तुमचा!"

"मी व्हेनिस बघितलेलं नाही," मामा म्हणाला.

"काय सांगता! जाऊन या. आमची आयटिनररी पाठवतो. तुमचं कुठलं? टस्कनीकडचं?"

"आवेलिनो. नेपल्सच्या मागे, डोंगरात."

"सेम थिंग, सेम थिंग," काका म्हणाले. हनुवटी वर, डोळे अर्धे, हात हवेत. इंग्लिशमध्येसुद्धा तेच. काका आत गेल्यावर मी हुबेहूब करून दाखवलं. मामा इतका हसला की त्याला फावड्याचा आधार घ्यावा लागला.

मग हसणं संपलं आणि तो त्या ढिगाकडे बघत राहिला. हे झाड कुठलं, ते मला तेव्हा कळलं. त्याच्या गावातल्या घराच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून एक अंजीर होतं. तरुणपणी एकदा सुट्टीला गेला तेव्हा त्याची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत लपवून आणली. त्यानंतर ऐंशी साली त्या डोंगरात भूकंप झाला. गाव बसलं. आई त्या घरात होती.

"भिंती कशाच्या होत्या?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. हा प्रश्न त्याला अमेरिकेत कुणी विचारला नसावा. "दगडमाती. वर जड छप्पर."

"आमच्याही," मी म्हटलं.

आमचं गाव किल्लारीजवळ. त्र्याण्णवच्या भूकंपात पडलं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण माझी एक आत्या त्या दगडमातीत गेली आणि वडील अजून छताकडे बघितल्याशिवाय झोपत नाहीत. मी वाढलो ते नव्या गावात, सरळ रेषेतल्या एकसारख्या घरांत. म्हातारी माणसं जुन्या गावाच्या जागेवर जाऊन लिंबाखाली बसायची, एवढं तरी होतं. मामाला तेही नाही. त्यांच्या पडलेल्या गावाच्या ढिगाऱ्याखाली जुनं रोमन गाव सापडलं. सरकार खूश. टेकडीला कुंपण घातलं, पाटी लावली, आणि माणसांना खाली सपाटीवर नवं गाव दिलं.

"आमच्या जागेला इतकं जपलं," मामा म्हणाला, "की आम्हाला आत जाता येईना. अंजीर कुंपणाच्या आत मेलं."

म्हणजे जगात त्या घराचं उरलेलं काय, तर काकांच्या बॅकयार्डात मातीखाली झोपलेलं हे झाड. हे मला कळलं होतं. काकांनाही ठाऊक होतं, कारण विकतानाच मामाने सांगितलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो. नंतर काका म्हणायला लागले की आम्हाला कुठे माहीत होतं.

हिवाळ्यात काकांच्या ऑफिसात कुणाचं तरी प्रमोशन झालं. काकांचं नाही. साहजिकच दोष वास्तूचा. पुण्याच्या एका गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला, काका फोनमधला कंपास उघडून बर्फातून बॅकयार्डभर फिरले. मी खिडकीतून बघत होतो.

"तो उंचवटा कसला?" गुरुजींचा आवाज स्पीकरवर. तो आवाजही माझ्याकडे आहे, नाकातून काढायचा.

"झाड आहे गुरुजी. पुरलेलं."

"ईशान्येला पुरलंय? जिवंत?"

"ते... एप्रिलमध्ये कळतं."

पलीकडे पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज. मग हुकूम आला: काढून टाका.

एप्रिलमध्ये मामा आला, आम्ही दोघांनी झाड उकरून उभं केलं, आणि काका दारात उभे राहून नुसता घसा साफ करत राहिले. त्यांना मामाच्या तोंडावर सांगवेना. लॉनवाल्याला फोन करून झाड काढायचा दिवस मात्र ठरवून टाकला होता. मी काकूंच्या मागे लागलो. काकू नागपूरच्या, बोलायला मोकळ्या, दर गुरुवारी दत्ताचा उपवास. एक दिवस त्या झाडाची आडवी आलेली फांदी मोडायला गेल्या आणि हाताला पांढरा चीक लागला.

"हा तर उंबरासारखा चीक आहे रे," त्या मला म्हणाल्या. "अंजीर आणि उंबर भाऊभाऊ तर नाहीत?"

"सख्खे चुलत," मी म्हटलं, आणि ते खरंच आहे.

काकूंनी स्वतःच गुरुजींना फोन लावला. गुरुजी लगेच पलटले. औदुंबराच्या कुळातलं झाड दारी आपोआप आलंय, भाग्य म्हणायचं. तोडू नका. पार बांधा.

"अंजीर काय, उंबर काय," काका म्हणाले, "तेच ते." आणि लॉनवाला कॅन्सल केला.

त्या दिवशी मला त्या "तेच ते"चा मुका घ्यावासा वाटला होता.

उन्हाळ्यात पार झाला. दुकानातून सिमेंटचे पेव्हर आणून काकांनी बुंध्याभोवती गोल, गुडघ्याएवढा, पक्का कट्टा बांधून घेतला. दर गुरुवारी आरती. मराठी मंडळाची माणसं एडिसनवरून यायची, बूट डेकवर काढून प्रदक्षिणा घालायची, फोटो ग्रुपवर टाकायची. मामा एकदा आला, हे सगळं बघून टोपी काढली. रागावला नाही. उलट म्हणाला, "चांगली माणसं आहेत. आमच्या गावातही प्रत्येक गोष्टीत एक संत बसवतात." सप्टेंबरात तो टोपली घेऊन आला तेव्हा काकूंनी त्याच्या हातावर एक अंजीर ठेवलं. प्रसाद. बाकीची मंडळात वाटायची होती. ते एक अंजीर खात तो डेकच्या पायरीवर बसला, आणि रिकामी टोपली घेऊन परत गेला. तेव्हाच मी ओरडायला पाहिजे होतं.

नोव्हेंबरात पानं गळली. मामा फावडं घेऊन हजर.

"नाही नाही नाही," काका धावत बाहेर. "आता ते नाही करता येणार."

"काय नाही?"

"आडवं. मुळं तोडून मातीत... सर, हे आता आमच्यासाठी पवित्र आहे. देवाला कुणी पुरतं का?"

मामाला वाटलं काकांना पद्धतच माहीत नसावी. त्याने परत सगळं शांतपणे समजावलं. थंडी, खोड, मुळं. मग म्हणाला, ठीक आहे, पुरायचं नसेल तर निदान कार्पेटमध्ये गुंडाळू, वरून प्लॅस्टिक, आणि टोकावर बादली उलटी घालू, पाणी आत जायला नको. काही लोक तसंही करतात.

"देवाच्या डोक्यावर बादली?" काका माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले. "काय बोलतोय हा माणूस?"

मी म्हटलं, "काका, झाड मरेल. हा माणूस इतकी वर्षं ते जगवतोय. तुम्ही हात मिळवून शब्द दिला होता."

"अरे, ते साध्या झाडाबद्दल होतं."

"झाड तेच आहे!"

"तेच कसं? आता त्याची पूजा होते."

आयुष्यभर ज्या माणसाला सगळं जग "तेच ते", त्याला नेमकं त्या दिवशी "तेच" दिसेना. मामा मध्ये उभा, फावडं हातात, आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत. त्याला मराठी येत नव्हतं, पण त्याला सगळं कळलं. कुंपण घालून जपणं त्याने आधी बघितलं होतं. तो एवढंच म्हणाला, "इट्स युवर हाउस," आणि गेला. दुसऱ्या दिवशी काकूंनी झाडाला पातळ भगवं वस्त्र नेसवलं आणि लायटिंगची माळ गुंडाळली. जर्सीची थंडी आणि अंगावर सुती वस्त्र! मी रोज ऑफिसला जाताना ते बघायचो आणि दात आवळायचो.

त्याच महिन्यात मंडळाची दिवाळी, शाळेच्या हॉलमध्ये. माझा नकलांचा आयटम मागच्या वर्षीपासून ठरलेला. बटाटेवड्याच्या लाइनीत काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आज तो इटालियन म्हातारा कर. झाड झोपवणारा. लोक मरतील हसून."

मी स्टेजवर गेलो. आणि काकांना केलं.

आधी लोकांना कळलं नाही. मी हातात नसलेला मग धरून एका इटालियन माणसाला इटली समजावून सांगितली. हॉल खदखदला. मग कंपास घेऊन बर्फात फिरलो. मग पारासमोर हात जोडून म्हटलं, "लातूर, विदर्भ, आवेलिनो, टस्कनी, अंजीर, उंबर, जिवंत, मेलेलं, तेच ते!" हनुवटी वर, डोळे अर्धे, हात हवेत. हसू पुढच्या रांगेपासून थांबत थांबत मागे गेलं. मी थांबलो नाही. म्हटलं, "मी दिलेला शब्द आणि मी मोडलेला शब्द, तेच ते." कुणीतरी माइक बंद केला.

पार्किंगमध्ये काका म्हणाले, "लीज मे महिन्यात संपतंय ना तुझं? बघ दुसरीकडे."

"बघतो," मी म्हटलं.

"इतका राग कशाचा आहे तुला? एका झाडाचा?"

मी गाडी सुरू केली. उत्तर दिलं असतं तर पहाट झाली असती.

हिवाळा नेहमीसारखाच पडला, म्हणजे बेकार. भगवं वस्त्र गोठून पत्र्यासारखं ताठ झालं. गुरुवारची माणसं कमी होत होत बंद झाली, थंडीत बूट कोण काढणार. एकट्या काकू पाणी घालायच्या.

एप्रिलमध्ये मी मामाला घेऊन आलो. त्याने वस्त्र बाजूला केलं, अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. खाली हिरवं दिसायला पाहिजे. तपकिरी. वरची फांदी, मधली, खालची. सगळीकडे तपकिरी. काका दारातून म्हणाले, "शेवटी देवाची इच्छा."

"देवाची नाही काका," मी म्हटलं. "तुमची."

मामाने माझा दंड धरला. गुडघे टेकले, कट्ट्याच्या आत हात घातला आणि बुंध्याजवळची माती उकरली. बराच वेळ. मग मला वाकायला सांगितलं. जमिनीच्या खाली, मुळाशी, पेन्सिलीच्या टोकाएवढा एक हिरवा ठिपका. "हे जगेल," तो हळूच म्हणाला. "इथे नाही."

मेमध्ये माझं सामान गाडीत भरून झालं तेव्हा मामाही आला होता, एक मोठा प्लॅस्टिकचा टब घेऊन. तोवर कोंब बोटभर झाले होते. मी काकांच्याच गॅरेजमधला हातोडा घेतला आणि भर दुपारी कट्ट्याचे पेव्हर फोडायला लागलो.

काका ओरडत आले. "हे ट्रेसपास आहे! मी पोलीस बोलावतो!"

"बोलवा. त्यांनाही सांगा ईशान्य कुठे आहे."

"थांबव त्याला!" काका काकूंना म्हणाले.

काकू आल्या. कट्ट्यावरचं निरांजन, कुंकवाची डबी उचलून पदरात घेतली, वस्त्राची घडी केली. मग काकांकडे वळल्या. "मी सगळा हिवाळा मेलेल्या झाडाला पाणी घातलंय. मला कळत नव्हतं का? नेऊ दे त्यांना." आणि मला म्हणाल्या, "मुळं सांभाळ रे. डावीकडून काढ." काका हातात फोन घेऊन उभेच राहिले. नंबर काही लावला नाही.

मामाने बसून, हळूहळू, गड्ड्यासकट मुळं मोकळी केली. काळं पडलेलं खोड करवतीने कापून तिथेच टाकलं. टबाला मागच्या सीटवर सीटबेल्ट लावला, शेजारी मामा, एक हात टबावर. मी एडिसनला एक खोली घेतली होती, खाली अंधारं, थंडगार गॅरेज. हिवाळ्यात टब तिथे राहील. पुरायचीही गरज नाही.

"पाणी महिन्यातून एकदा," मामा मागून बजावत होता. "जास्त नाही. पूजा नाही. फक्त झाक."

"फळ कधी येईल?"

"तीन वर्षं. चार." तो ब्याऐंशीचा होता. दोघांनी आपापला हिशोब केला. माझं डोकं अजून भणभणत होतं. त्याला हसवावं म्हणून मी काकांची नक्कल सुरू केली. तो हसला नाही.

"तो नको," मामा म्हणाला. "मला कर."

मी आरशात बघितलं.

"मला माहितीये तू करतोस. सगळे करतात. कर."

मी केलं. हात नाचवले, शब्द गाण्यासारखे ओढले, मामा मिया वगैरे, टबाला झोपवलं, पांघरूण घातलं. माझ्या मते फर्स्ट क्लास. औशापासून आतापर्यंत कुणी नावं ठेवली नव्हती.

"हा नेपल्सचा माणूस आहे," मामा म्हणाला. "सिनेमातला. आम्ही डोंगराचे. आम्ही असे हात हलवत नाही. हात खिशात ठेवतो, थंडी असते. आणि शब्द गात नाही, गिळतो. शेवटचं अक्षर तर खाऊनच टाकतो."

माझे कान लाल झाले. हनुवटी वर, डोळे अर्धे, हात हवेत. आवेलिनो काय, नेपल्स काय. हॉलमध्ये सगळ्यांसमोर ज्याची चामडी सोलली, तोच माणूस माझ्या घशातून बोलत होता. काकांवरचा सगळा राग फिरून माझ्याच छातीवर येऊन बसला, आणि तिथून हलेना.

"परत," मामा म्हणाला. "हात खाली."

"गाडी चालवतोय."

"मग एकच हात वर. तोंड कमी उघड. 'झाक' म्हण. आमच्यासारखं."

मी म्हटलं.

"नेपल्स," मामा म्हणाला. "परत."

सिग्नल लाल होता. मी परत म्हटलं.